दंडधारण : दीर्घ आजार आणि चालण्याची काठी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात माणसाने नित्य काय काय करावे याचे विस्ताराने विवेचन आहे. डोळ्यांत अंजन घालावे, दात घासावेत, अंगाला तेल लावावे, निर्मळ वस्त्रे नेसावीत, पायांत पादत्राण घालावे, डोक्यावर छत्र धरावे, असे सांगत सांगत ग्रंथकार शेवटाकडे येतो आणि छत्राच्या लगोलग हाती दंड धरण्याचा उल्लेख करतो. त्याचे गुणही तो मोजून देतो. अडखळणाऱ्याला काठी सावरते, शत्रूचे निवारण करते, शरीराला आधार देते, आयुष्य वाढविते आणि भय नाहीसे करते. हे सर्व विवेचन स्वस्थवृत्ताचे, म्हणजे निरोगी माणसाच्या दिनचर्येचे आहे. काठी धरणारा वृद्ध असावा, व्याधिग्रस्त असावा, अशी अट चरकाने घातलेली नाही. जोडा आणि छत्री यांच्या पंक्तीला बसलेली ती एक रोजच्या वापरातील वस्तू आहे.

स्मृतिव्याख्यानमालेच्या पुस्तिकेत मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने काठीवर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु या शाळेच्या ज्या माजी विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सभागृहात पाहतो, त्यांच्यापैकी पुष्कळांची साठी उलटली आहे, काहींची सत्तरी. कोणाला गुडघ्याचा संधिवात, कोणाला आमवात, कोणाला कंपवात, कोणाला वीस-पंचवीस वर्षांचा मधुमेह. जिना चढताना कठड्याला दोन्ही हातांनी धरून चढणारे, रस्ता ओलांडताना मुलाच्या किंवा सुनेच्या दंडाला घट्ट पकडणारे, आणि अलीकडे सभेलाच न येणारे, असे त्यांतले किती तरी आहेत. यांपैकी बहुतेकांच्या हाती काठी नाही. काठी सुचविली की उत्तर ठरलेले असते : ‘अहो, अजून तेवढी वेळ आलेली नाही.’ मग ती वेळ कधी येते? बहुधा न्हाणीघरात पाय घसरून मांडीचे हाड मोडल्यानंतर. इतका उशीर आपण का करतो, आणि वेळेवर घेतली तर कोणती काठी कशी वापरावी, या दोन प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर भाषेत सापडते. ‘काष्ठ’ या संस्कृत शब्दापासून काठी, ‘यष्टि’पासून प्राकृतातील ‘लट्ठि’ आणि तिच्यापासून लाठी, शिवाय दंड, सोटा, छडी, दांडा, कुबडी असा या वस्तूचा मोठा गोतावळा मराठीत आहे. मुलाला आपण ‘म्हातारपणची काठी’ म्हणतो तेव्हा त्या शब्दात केवढा जिव्हाळा असतो! पण तीच काठी खरोखरीच लाकडाची असली की आपल्याला तिची लाज वाटते. ‘काठी टेकत आला’ म्हटले की माणूस संपला असे चित्र उभे राहते. कुबडीची गत तर याहून वाईट. समर्थ रामदासांची कुबडी सज्जनगडावर श्रद्धेने जतन केलेली आहे. ध्यानधारणेला बसताना काखेखाली घ्यावयाचे ते योग्याचे साधन. आज मात्र ‘कुबड्यांवर उभे असलेले सरकार’ हा राजकारणातला ठरलेला टोमणा झाला आहे. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘मोहमुद्गर’ स्तोत्रातही काठी घेऊन चालणारा म्हातारा येतो. केस पिकलेला, दात पडलेला, तरी आशा न सुटलेला. लहानपणी स्तोत्रे पाठ करणाऱ्या आमच्या पिढीच्या मनात काठी आणि जरा यांची गाठ तेथेच पक्की बसली असावी.

वास्तविक दख्खनच्या मुलुखात काठीला दुसरे एक चरित्र आहे, आणि ते अधिक जुने आहे. जेजुरीला माघी पौर्णिमेच्या यात्रेत मानाच्या काठ्या येतात. जोतिबाच्या चैत्रयात्रेत सासनकाठ्या नाचविल्या जातात. गुढी ही तरी काय आहे? वस्त्र आणि कलश घातलेली काठीच. आषाढी वारीत चोपदाराने आपला दंड उंचावला की टाळमृदंगाचा कल्लोळ क्षणात थांबतो. आपल्या तेलंगणात खंडोबाचे जे रूप मल्लन्ना म्हणून पूजिले जाते, त्याच्या भक्तांतले गोल्ल आणि कुरुमा मेंढपाळ खांद्यावर घोंगडी, त्यांच्या भाषेत ‘गोंगडि’, टाकून हातात लांब काठी घेऊन रानोमाळ हिंडतात. आपल्याकडचा धनगर याहून वेगळा नाही. या मेंढपाळाची काठी नीट पाहावी. ती कमरेशी संपत नाही. छातीपर्यंत, कधी खांद्यापर्यंत पोचते. तिच्यावर दोन्ही हात ठेवून तो तासन् तास उभा राहतो, उतारावर ती पुढे रोवतो, ओढ्यात तिने पाण्याचा ठाव घेतो. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघून सुमारे ३८५ किलोमीटरचे अंतर चोवीस दिवसांत चालून गेलेल्या साठ वर्षांच्या गांधीजींच्या हातातली काठीही अशीच, कमरेच्या चांगली वर जाणारी, बांबूची होती. ती काकासाहेब कालेलकरांनी त्यांना दिलेली, असे सांगतात. त्या काठीकडे पाहून कोणाला गांधीजी थकले आहेत असे वाटले नाही.

कमरेएवढी, वाकड्या मुठीची जी काठी आज आपण ‘म्हाताऱ्याची काठी’ म्हणून ओळखतो तिचे वळण साहेबी आहे. ती वाईट आहे असे नव्हे. तिचा उपयोग पुढे सांगणारच आहे. पण काठीचा तेवढा एकच प्रकार आहे अशी समजूत झाल्याने दुसऱ्या प्रकाराचा विचारच कोणी करीत नाही. परदेशातून आलेल्या मुलाने आईसाठी ट्रेकिंगच्या दोन हलक्या काठ्या आणल्या, तर त्या कपाटावर पडून राहतात. ‘हे डोंगर चढणाऱ्यांचे काम,’ असे म्हणून विषय संपतो.

या दोन काठ्यांच्या चालण्याचा अर्वाचीन इतिहास फिनलंडमधला आहे. तेथील बर्फावरून घसरत जाणारे खेळाडू उन्हाळ्यात बर्फ नसताना सरावासाठी दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालत. १९९७ मध्ये त्याच देशात सामान्य माणसांच्या चालण्यासाठी अशा काठ्या बाजारात आल्या, ‘नॉर्डिक वॉकिंग’ हे नाव रूढ झाले आणि पाहता पाहता युरोपातल्या बागांतून हजारो लोक दोन काठ्यांनी चालू लागले. मग वैद्यकशास्त्राचे लक्ष तिकडे गेले. ऑस्ट्रियात फुफ्फुसांच्या जुनाट विकाराच्या ६० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिने, आठवड्यातून तीन वेळा, तासभर असे चालल्यावर त्या रुग्णांचे रोजचे हिंडणेफिरणे वाढलेले आढळले. कंपवाताच्या रुग्णांवरही असे प्रयोग झाले आहेत. धाप लागणारा माणूस थांबून दोन काठ्यांवर हात टेकवितो तेव्हा खांदे स्थिर होऊन छातीच्या स्नायूंना श्वासासाठी मदत मिळते. आपला मेंढपाळ काठीवर रेलून उभा राहतो त्यात हेच शास्त्र आहे.

आता काठी नेमके काय करते ते पाहू. येथे थोडे पदार्थविज्ञान अटळ आहे.

आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला काही क्षण सगळे शरीर एकाच पायावर तोललेले असते. समजा, उजवा पाय जमिनीवर आहे आणि डावा उचललेला आहे. शरीराचा भार मध्यभागी, म्हणजे उजव्या खुब्याच्या डाव्या बाजूला पडतो. कंबर त्या बाजूला कलू नये म्हणून उजव्या खुब्याच्या बाहेरचे स्नायू तिला खाली ओढून धरतात. हा एक तराजूच आहे. पण त्याचा एक दांडा लांब आणि दुसरा आखूड आहे. स्नायूंच्या वाट्याला आखूड दांडा आल्यामुळे त्यांना फार मोठा जोर लावावा लागतो. शरीराचा भार आणि स्नायूंचा हा ओढा मिळून खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट दाब येतो. अशा वेळी डाव्या हातात काठी असेल तर ती खुब्यापासून पुष्कळ दूर असल्यामुळे तिच्या वाट्याला सर्वांत लांब दांडा येतो, आणि हाताने दिलेल्या थोड्याशा जोरानेही स्नायूंचे मोठे काम वाचते. म्हणून काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावयाची. उजवा गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजव्या पायाबरोबर ती पुढे टाकावयाची. आपल्याकडे दहांतले सात-आठ जण दुखऱ्या बाजूलाच काठी धरताना दिसतात. चित्रपटांतील लंगडणारी पात्रेही तशीच धरतात; त्यांना पाहून लोक शिकले, की लोकांना पाहून ती, कोण जाणे! वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने १९५६ मध्येच हा हिशेब मांडून एक निबंध लिहिला होता. त्याच्या मथळ्याचा अर्थ ‘काठी फेकून देऊ नका’ असा आहे. मुळात काठी घ्यायलाच तयार नसणाऱ्यांना हा मथळा लागू पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

गुडघ्याच्या संधिवातातही हाच नियम आहे. ब्राझीलमध्ये ६४ रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज काठी वापरणाऱ्यांच्या वेदना दोन महिन्यांत कमी झाल्या. त्यात एक बारकावा आहे, तो सांगितलाच पाहिजे. सुरुवातीला काठीने चालताना शक्ती अधिक खर्च होते, माणूस लवकर दमतो. सवय झाल्यावर ही तफावत राहत नाही. पुष्कळ जण पहिल्याच आठवड्यात ‘काठीने उलट त्रासच होतो’ म्हणून ती टाकून देतात, त्याचे कारण हे असावे. नव्या चष्म्यालाही डोळे सरावायला चार दिवस लागतातच की.

एका बाजूचा सांधा दुखत असेल तर एक आखूड काठी पुरते, हे झाले. परंतु दीर्घ आजार अनेकदा एका बाजूला गाठत नाही. आमवात दोन्ही गुडघे, दोन्ही घोटे एकदम धरतो. कंपवातात तोलच बिघडतो. मधुमेहात वर्षानुवर्षांनी तळपाय बधिर होतात आणि पायाखाली फरशी आहे की गादी हे कळेनासे होते. अशा माणसाने एकाच हाताने काठीवर रेलून चालले तर शरीर एका अंगाला कलते, खांदा आणि मान दुखू लागते. येथे दोन लांब काठ्यांचा उपयोग होतो. चालताना आपला उजवा हात डाव्या पायाबरोबर पुढे जातो आणि डावा उजव्याबरोबर, ही निसर्गाचीच योजना आहे. दोन काठ्या त्या झोक्यात सामील होतात, भार दोन्ही खांद्यांवर सारखा वाटतात, आणि काठी लांब असल्याने माणसाला वाकता येत नाही, ताठ राहावे लागते. कंपवाताच्या रुग्णाला हा ताठपणा फार मोलाचा आहे, कारण पुढे झुकणे आणि पावले तोकडी पडणे हाच त्याचा मुख्य दोष.

आणखी एक गोष्ट प्रयोगांनी सिद्ध झाली आहे. काठीवर भार न टाकता ती नुसती जमिनीला लागलेली असली तरी शरीराचे डोलणे कमी होते. पायांनी जी वार्ता सांगावयाची ती काठीच्या वाटे हात सांगतो. बधिर पायांच्या मधुमेह्याला काठी लागते ती बहुधा एवढ्यासाठी. ‘मला पायांत ताकद आहे, मला काठी कशाला?’ असे तो म्हणतो तेव्हा त्याला काठीचे अर्धेच काम ठाऊक असते.

अतिशयोक्तीही करू नये. सपाट रस्त्यावर दोन लांब काठ्यांनी गुडघ्यावरचा भार निश्चित कमी होतोच, असे संशोधन सांगत नाही. त्या बाबतीत विरुद्ध हातातली आखूड काठी सरस ठरू शकते. उतारावर मात्र फरक स्पष्ट आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उतरताना दोन काठ्यांनी गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी घटलेला आढळला. गोवळकोंड्याच्या बालाहिसारावर चढून जाण्याची उमेद बाळगणाऱ्या माझ्या समवयस्कांना मी सांगतो की चढण दम काढते, पण गुडघे काढते ती उतरण. काठ्या उतरताना हाताशी असाव्यात.

कंपवाताविषयी थोडे अधिक लिहितो, कारण हा आजार आपल्या पिढीत वाढताना दिसतो आणि त्यात काठीचे काम इतर आजारांहून वेगळे आहे. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ मध्ये या रोगाचे वर्णन केले. यात हातापायांतली ताकद जात नाही. चालण्याचे जे काम मेंदू आपोआप करीत असतो ते आपोआप होईनासे होते. माणूस दारात, वळणावर, गर्दीत एकाएकी खिळून उभा राहतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या तरुण अभिकल्पक स्त्रीने २०१५ मध्ये एका व्याख्यानात आपल्या काकांची हकीकत सांगितली आहे. कंपवाताने ग्रासलेले हे गृहस्थ सपाट जमिनीवर वॉकर घेऊन कसेबसे पाय ओढीत, परंतु जिना आला की सहज उतरत, आणि जिना संपताच पुन्हा वॉकर! हे पाहून त्यांनी जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असे चित्र रंगविले, आणि काका त्यावरून न अडखळता चालले. डोळ्यांना पुढच्या पावलाची जागा दिसली की मेंदूला दुसरी वाट सापडते. जमिनीवरच्या आडव्या पट्ट्या हेच काम करतात. पायापुढे आडवी धरलेली काठी ओलांडावयास सांगितले तर खिळलेला पाय उचलला जातो. काही काठ्यांतून लाल प्रकाशाची रेघ जमिनीवर पडते, तीही याचसाठी. दोन काठ्यांचा ठेका, टक् पाऊल, टक् पाऊल, कानाला आणि हाताला तशीच खूण देतो. टाळाच्या ठेक्यावर थकलेले वारकरी मैलोन्‌मैल जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाही. मात्र आजार पुढे गेल्यावर दोन काठ्या आणि दोन पाय या चौघांचा मेळ घालणेच कठीण होते आणि काठ्यांचाच अडथळा होतो. ती वेळ ओळखण्याचे काम डॉक्टरांचे आणि व्यायामोपचारतज्ज्ञाचे आहे. शेजाऱ्याच्या सल्ल्याने ते करू नये. या लेखाच्या आधारानेही करू नये.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. आखूड काठीची उंची ठरविताना नेहमीचे जोडे घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावे. मनगटाची घडी जेथे येते तेथे काठीची मूठ यावी. म्हणजे ती धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. वडिलांची काठी मुलाने आणि नवऱ्याची बायकोने वापरू नये. ती आठवण म्हणून ठेवावी किंवा मापाने कापून घ्यावी. लांब काठीची मूठ धरल्यावर कोपराचा जवळजवळ काटकोन व्हावा. उंचीच्या सेंटिमीटरांना ०.६८ ने गुणले की अदमास येतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला १०९ सेंटिमीटरच्या आसपास. आजाऱ्याने ती याहून जरा आखूडच ठेवावी आणि पायाच्या बाजूला सरळ टेकवावी. काठी मागे तिरपी रोवून स्वतःला पुढे ढकलण्याची फिनलंडची रीत निरोगी आणि चपळ माणसांसाठी आहे. तोल सांभाळणाऱ्याला तिचा उपयोग नाही. शिकताना पहिले दोन दिवस काठ्या टेकवूच नयेत, हात सैल सोडून त्या मागे फरफटू द्याव्यात. हातांना त्यांचा मूळचा झोका सापडला की काठ्या आपोआप योग्य ठिकाणी पडू लागतात.

जिन्यावर कठडा असेल तर एक हात कठड्यावर आणि दोन्ही काठ्या दुसऱ्या हातात. चढताना धड पाय आधी, मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, मग धड पाय. आमवाताने बोटे वाकडी झाली असतील तर बारीक मूठ आवळून धरणे हाच नवा त्रास होतो. त्यांच्यासाठी जाड, मऊ मूठ किंवा कोपरापर्यंत आधार देणारी कुबडी असते. डोंगरातल्या काठ्यांना मनगटात अडकविण्याचे पट्टे असतात. ज्याला पडण्याची भीती आहे त्याने ते अडकवू नयेत, कारण पडताना काठी हातातून सुटली नाही तर अंगठा दुखावतो. आणि तळाचे रबर! काठीसाठी हजार रुपये मोजणारे तळाचे चाळीस-पन्नास रुपयांचे रबर झिजून गुळगुळीत झाले तरी बदलीत नाहीत. आपल्या घरांतून शहाबादी आणि तांडूरची फरशी आहे, नव्या इमारतींतून संगमरवर. त्यावर पाणी सांडलेले असले की झिजलेल्या रबराची किंवा उघड्या लोखंडी टोकाची काठी आधार देण्याऐवजी दगा देते. लोखंडी टोक मातीसाठी, रबर फरशीसाठी. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी घरातून निघताना रबर आहे ना, हे पाहून घ्यावे.

सर्वांत अवघड प्रश्न मापाचा किंवा मुठीचा नाही, लोकांच्या नजरेचा आहे. आमवातासारखे किंवा मल्टिपल स्क्लेरॉसिससारखे आजार रोज सारखे नसतात. सोमवारी माणूस ठणठणीत दिसतो, बुधवारी त्याला पलंगावरून उठवत नाही. म्हणून तो कधी काठ्यांनी चालतो, कधी त्यांवाचून. पाहणारा म्हणतो, ‘काल तर बरा होता, आज हे नाटक कशाला?’ तरुण स्त्रीच्या हातात काठी दिसली तर प्रश्न आणखी बोचरे होतात. लग्न ठरावयाचे असेल तर घरचेच तिला काठी लपवावयास सांगतात. अशा मुलीने वेदना सोसत काठीवाचून चालावे आणि सांधे लवकर झिजवून घ्यावेत, ही कोणाच्या प्रतिष्ठेची किंमत आहे? चष्मा आपण वाचतानाच लावतो, झोपताना काढतो; त्यावरून डोळे खोटे आहेत असे कोणी म्हणत नाही. कायद्याने तरी ही गोष्ट ओळखली आहे. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि त्यांत कंपवात व मल्टिपल स्क्लेरॉसिस यांचा समावेश आहे. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना काठी, कुबडी, वॉकर विनामूल्य मिळावे म्हणून १ एप्रिल २०१७ रोजी आंध्र प्रदेशातील नेल्लोर येथे राष्ट्रीय वयोश्री योजनेचा प्रारंभ झाला. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या सासूबाई किंवा रखवालदाराचे वडील यांना ही माहिती सांगणे हेही शिकलेल्या माणसाचे काम आहे.

या नजरेचा एक उलटा अनुभवही नमूद करतो. मी गेली काही वर्षे दोन काठ्यांनी चालतो. बरकतपुऱ्याहून काचीगुड्याकडे जाताना रस्ता ओलांडावा लागतो. नुसता म्हातारा दिसला तर वाहने थांबत नाहीत. दोन काठ्या दिसल्या की रिक्षावाला हात करून मागच्याला थोपवतो आणि ‘आरामसे, बडे मियाँ’ म्हणतो. चरकाने ‘भयघ्न’ हा गुण शेवटी का सांगितला, ते त्या चौकात मला रोज कळते.

घरात काठ्या कोठे ठेवाव्यात, याकडे कोणी लक्ष देत नाही. दाराआडच्या कोपऱ्यात ठेवलेली काठी रात्री उठताना सापडत नाही, आणि ती शोधायला जातानाच माणूस पडतो. ती पलंगाच्या उशाशी, हात पोचेल अशा ठिकाणी, आकड्याला अडकविलेली असावी; न्हाणीघरात मात्र काठीवर विसंबू नये, तेथे भिंतीत पक्की बसविलेली दांडी हवी. बाहेर, विशेषतः सभागृहात, खुर्चीला टेकवून ठेवलेली काठी वक्त्याच्या ऐन महत्त्वाच्या वाक्याला धाडकन पडतेच, आणि मग सगळ्या माना वळतात. ज्यांना हा संकोच वाटतो त्यांनी काठ्या खुर्चीखाली, चालण्याच्या वाटेत टोक येणार नाही अशा आडव्या ठेवाव्यात. संयोजकांनी दाराजवळच्या दोन रांगा काठीवाल्यांसाठी राखल्या तर आणखी बरे. म्हणजे पुढल्या वर्षी जे येईनासे झाले आहेत त्यांना फोन करून सांगता येईल की जागा धरून ठेवली आहे, काठी घेऊन या.